सोबतीचे माणूस

कटलेटचा दुसरा घाणा तेलावर तरंगू लागला तशी यंजूने झारा डाव्या हातात घेतला आणि उजव्या कोपरात तोंड खुपसून खोकला दाबला. मास्कच्या आतली हवा गरम झाली. खोकला थांबला, पण गेला नाही. कुणाच्या तरी दारातल्या पायरीवर अनोळखी माणूस बसून राहावा, तसा तो छातीच्या तळाशी बसून राहिला.

"हो बाजूला," मागून माल्सुनताई म्हणाल्या. "कटलेट तळतेस की कोळसे पाडतेस? खाताना पोरांचे दात पडायचे."

"पहिलीतली पोरं ती. दात तसेही पडतातच," भांड्यांच्या नळापाशी उभ्या असलेल्या पिल्जाताईंनी पुस्ती जोडली. "उगाच यंजूच्या डोक्यावर कशाला?"

 माल्सुनताईंनी यंजूच्या हातातून झारा काढून घेतला, खांद्याने तिला ढकलले आणि कढईसमोर स्वतः उभ्या राहिल्या. तळणाची पाळी आज यंजूची होती. गेल्या खेपेलाही तिचीच होती आणि गेल्या खेपेलाही असेच काहीतरी टोचून बोलून ताईंनी तिला हटवले होते. यंजू भाताच्या पातेल्यांकडे वळली. इतकी वर्षे या स्वयंपाकघरात काढून आपल्याला साधे तळताही येत नाही, या विचाराने तिचे कान तापले. धुराड्याचा पंखा घरघरत होता. निळसर धूर त्याच्याकडे जायला निघे आणि वाटेत ताईंच्या डोक्यावरच्या टोपीपाशी रेंगाळे.

इस्पितळाचा फोन आला तेव्हा वाढप आटोपले होते आणि सगळ्याजणी कपडे बदलायच्या खोलीत, जमिनीवर पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून बसल्या होत्या. यंजू फोन घेऊन बाहेर बटाट्यांच्या पोत्यांपाशी गेली. वसंतात शिक्षण खात्याने शाळांतल्या सगळ्या स्वयंपाकिणींच्या छातीचे सीटी स्कॅन काढून घेतले होते. तिच्या उजव्या फुप्फुसात एक डाग निघाला होता. काही महिन्यांनी पुन्हा पाहू, असे तेव्हा म्हणाले होते. पुन्हा पाहिले, तर डाग मोठा झाला होता.

"येत्या गुरुवारी बायोप्सी," पलीकडची मुलगी म्हणाली. "उपाशीपोटी या. एक रात्र राहावं लागेल. सोबत घरचं माणूस हवं."

"घरचं नसलं तर?"

"तुमचे मिस्टर?"

"ट्यूनाच्या बोटीवर असतात. पॅसिफिकमध्ये. वसंतात परततील."

"मग आई? बहीण? सासूबाई?" दुकानातल्या बाईने एकेक कापड उलगडून दाखवावे तशी ती नाती उलगडत गेली. आई वृद्धाश्रमात होती आणि तिला मुलीचे नावही आठवत नसे. बहीण नव्हती. सासूबाई गेल्या होत्या. "कुणीतरी असेलच ना," मुलगी शेवटी म्हणाली.

"गुरुवार चुकला तर?"

"मग पुढच्या महिन्यात बघावं लागेल. पण फार लांबवू नका."

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई वयाने लहान आणि मनाने चांगल्या होत्या. "रजा घ्या ना, तब्येतीचं आहे म्हटल्यावर घ्यायलाच हवी," त्या म्हणाल्या. मग संगणकाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "फक्त बदली बाई तुम्ही बघा हं. नेहमीसारखी."

रीत तशीच होती. जी रजा घेईल तिने आपल्या जागी उभी राहणारी बाई स्वतः शोधून आणायची. नाही मिळाली, तर आठशे ताटांचे ओझे उरलेल्यांच्या मनगटांवर पडे. दोन वर्षांपूर्वी पिल्जाताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांची बदली भर दुपारी एप्रन सोडून निघून गेली होती. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी पिल्जाताईंना काही बोलले नव्हते, आणि ते न बोलणेच त्या अजून विसरल्या नव्हत्या. या स्वयंपाकघरातल्या बायका आजाराला जेवढ्या भीत, त्याहून एकमेकींच्या डोळ्यांना अधिक भीत.

यंजूने ओळखीच्या बायकांना फोन लावले. "गुरुवारी तळण आहे का?" बहुतेकींनी आधी हेच विचारले. आहे म्हटल्यावर कुणाचे लग्न निघाले, कुणाची पाठ धरली.

तिच्या मुलीचा, दाओनचा, शाळेनंतरचा सांभाळवर्ग सुटायला वेळ होता. शाळेच्या मागच्या बाकावर बसून यंजूने मोबाइलवर मोहल्ल्यातल्या आयांचा फोरम उघडला आणि नाव न देता लिहिले: शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. फुप्फुसात डाग निघाला आहे. मुलगी सात वर्षांची. घरी दुसरे कुणी नाही. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत तपासणी थांबवली तर चालेल का?

उत्तरे भराभर आली. कुणी लिहिले, आधी नवऱ्याला सांगा. कुणी लिहिले, नोकरी सोडा, मुलापेक्षा नोकरी मोठी आहे का? कुणी रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. कुणी एका मशरूमचा काढा सुचवला. मग एकीने लिहिले: तळणाच्या धुराने होते म्हणे असे. मग आमच्या मुलांच्या जेवणात काही उतरत असेल का हो? त्यानंतर सगळ्याजणी त्याच प्रश्नावर बोलू लागल्या. यंजूचा प्रश्न वर वर सरकत दिसेनासा झाला. तिने तो पुसून टाकला. मग फोन खिशात ठेवला. 

दाओन बाहेर आली ती दप्तर एका खांद्यावर लोंबकळत ठेवून. शाळेत, जेवणाच्या रांगेत, ती आईला आई म्हणत नसे. ताट पुढे करून इतर मुलांसारखीच मान लववी आणि "थँक्यू, काकू" म्हणे. हा नियम तिने स्वतःच केला होता. फाटकाबाहेर पडल्यावर मात्र तिचे पाय दुखू लागत.

"पाठीवर घे."

"घोडी झालीस एवढी."

"घोडीच तर पाठीवर घेते. तू घोडी."

योंगदो बेटाच्या चढावरच्या पायऱ्या यंजू तिला पाठीवर घेऊन चढू लागली. खाली गोदीतल्या क्रेन संध्याकाळच्या उन्हात तांबूस होत होत्या. समुद्र त्यांच्या मागे पत्र्यासारखा पडला होता. दाओनने गाल आईच्या पाठीला चिकटवला.

"आई, तुझ्या पाठीत किटली आहे."

"काय आहे?"

"किटली. शिट्टी वाजते. पाणी उकळलंय, आता बंद कर."

यंजू थांबली. तिने श्वास रोखून धरला. आपल्या आत कुणीतरी आपल्यावाचून श्वास घेत आहे का, हे जणू ती ऐकत होती. एक कुत्रा बाजूने वर निघून गेला. तिच्या घराची वाट पुढच्या वळणावर डावीकडे जात होती. ती उजवीकडे वळली.

माल्सुनताई आपल्या घरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुक्या मासळीची डोकी मोडत बसल्या होत्या. दार उघडेच होते. "काय गं, दुपारचं कटलेट वसूल करायला आलीस?" त्यांनी दाओनच्या हातात अर्धी सोललेली नासपती ठेवली आणि तिला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवले. मग यंजूकडे न पाहता तिच्या पुढ्यात मासळीचा ढीग सरकवला. "बस. हात रिकामे ठेवून बोलू नये. माणूस रडतं."

यंजू डोकी मोडत बोलली. तिने डागाचे सांगितले, फोनचे सांगितले, न मिळालेल्या बदलीचे सांगितले. आवाज टीव्हीच्या गाण्याखाली दबेल एवढाच ठेवला.

"मी विचार करते आहे ताई, हिवाळ्याची सुट्टी लागू दे. स्वयंपाकघर बंद असेल. बदली नको, कुणाचे डोळे नकोत. तोपर्यंत दाओनचे बाबा यायला थोडेच महिने उरतील. एवढ्यानं काय होणार आहे?"

माल्सुनताईंच्या हातातली मासळी मोडली, पण डोके वेगळे झाले नाही. त्यांनी ती तशीच वाडग्यात टाकली.

"थांबू नकोस."

"पण..."

"मी थांबले."

आत टीव्हीवर काहीतरी कोसळले आणि दाओन खदखदून हसली. यंजूने मान वर केली. ताईंचा चेहरा नेहमीसारखाच होता, रुंद, थोडासा चिडका, कानशिलावर तेलाच्या शिंतोड्याचा जुना डाग.

"वसंतात मलाही बोलावलं होतं. म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी लागू दे. पिल्जाचं काय झालं ते बघितलं होतं ना. सुट्टीत गेले. डॉक्टर म्हणजे पोरगाच, माझ्या मुलाएवढा. म्हणाला, आजी, जरा आधी आला असता तर. आणि गप्पच झाला. डोळे असे झाले त्याचे. शेवटी मीच त्याची पाठ थोपटली. म्हटलं, जाऊ दे बाळा, तुझा काय दोष."

"सोबत कोण होतं?"

"कोण असणार? मुलगा तिकडे सोल शहरात. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्या लोकांना म्हटलं, मुलगा खाली गाडी लावतोय." ताई हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि तो खोकला बराच वेळ चालला. "संध्याकाळपर्यंत लावतच होता. नर्स येऊन विचारायची, आजी, मिळाली का जागा? मी म्हणायची, शहरात गर्दी फार वाढलीय बाई."

यंजू हसली नाही. एक गोष्ट सावकाश तिच्या ध्यानात येत होती.

"म्हणून तुम्ही माझ्या पाळीला तळणावर..."

"तुला तळता येत नाही म्हणून."

"ताई."

"मला व्हायचं ते झालंय. दोघींनी कशाला उभं राहायचं तिथे?" त्यांनी वाडगा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "आता ऐक. गुरुवारी जायचं. पायमोजे जाड घाल, तिथली फरशी गार असते. सुईच्या वेळी श्वास धर म्हणतील, तेव्हा धर. खोकला आला तर आधीच सांग, लाजू नकोस. सोबतीला मी येते."

"आपण दोघी नसलो तर..."

"तर ओरडतील. ओरडू देत."

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत माल्सुनताईंनी सगळ्यांसमोर सांगितले. यंजूचे सांगितले. स्वतःविषयी मात्र त्या काही बोलल्या नाहीत. खोलीत गमबुटांचा ओला वास होता. पिल्जाताईंनी टोपी काढली, केस पुन्हा बांधले, टोपी पुन्हा घातली.

"म्हणजे गुरुवारी उरलेल्या चौघींनी आठशे ताटं काढायची," त्या म्हणाल्या. "तळणासकट."

त्यांनी एप्रनची गाठ आवळली.

"काढू. शिव्या देत काढू." मग यंजूकडे बोट रोखून, जणू भांडत असल्यासारख्या, "आणि पोरीला कुठे ठेवणार आहेस? रस्त्यावर? माझ्याकडे आणून टाक. काय खात नाही ते आधी सांग, नखरे चालवून घेणार नाही मी."

यंजूने मान लववली. गमबुटात पाय घालताना तिला तो कुठल्या बाजूचा आहे हेच कळेना.

गुरुवारी इस्पितळाच्या सहाव्या मजल्यावर सकाळचे ऊन मोठ्या काचांतून आत येत होते आणि कुठेच पोचत नव्हते. यंजूच्या पायांत जाड मोजे होते. पिल्जाताईंनी पाठवलेला फोटो तिने येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा पाहिला होता: दाओन, तोंडात भात, डोळे मिटलेले. त्याखाली लिहिले होते, काकडी खात नाही हे सांगितलं नव्हतंस. फोन आता बंद करायचा होता. बंद करण्याआधी तिने पडद्यावरून अंगठा फिरवला, पोरीच्या ओठाला लागलेले शीत पुसावे तसा.

माल्सुनताई तिच्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर यंजूची पिशवी घट्ट धरून. भिंतीवरच्या पडद्यावर आजारी माणसांची नावे येत होती. प्रत्येक नावातले मधले अक्षर झाकलेले होते. त्या जागी एक पोकळ गोल होता. यंजू आपल्या नावाची वाट पाहत होती, आणि ते येऊ नये अशीही तिची इच्छा होती.  मुलीला सकाळी काय सांगितले, ते तिने मनातल्या मनात पुन्हा आठवून पाहिले. उद्या येते, असेच म्हटले होते. परत येते, असे म्हणायला हवे होते का?

"यंजू," ताई पुटपुटल्या. "हात गार पडलेत तुझे."

"तुमचेही."

"माझे नेहमीच असतात."

एवढ्यात ताईंना खोकला आला. त्यांनी रुमालात तोंड खुपसले, खांदे वाकले, पिशवी मांडीवरून घसरली. खोकला थांबेपर्यंत समोर एक नर्स येऊन उभी राहिली होती, तरुण, घाईत असलेली, हातात मनगटावर बांधायची पट्टी घेतलेली. तिने पडद्याकडे पाहिले, मग दोघींकडे पाहिले, आणि मग काही न विचारता, धापा टाकणाऱ्या म्हातारीपुढे वाकली.

"चला आजी. हात द्या."

माल्सुनताईंनी सवयीने हात पुढे केला. बाही आपोआप वर सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला सुयांच्या जुन्या, पिवळसर झालेल्या खुणा होत्या.

यंजूने तो हात आपल्या हातांत घेतला, हलकेच खाली आणला आणि ताईंच्या मांडीवर ठेवला. मग तिने आपली बाही वर केली.

"मी आहे," ती म्हणाली. "आज मी आहे."