बेटावर गाडी आली

आमची ढवळवाडी पाण्यात हाय. बुडालेली न्हाई, बुडाली ती खालची वाडी. धरण झालं तवा दुधनेचं पाणी चढत चढत आलं, खालची घरं गिळली अन् वर माळावर राह्यणारे आम्ही चारी बाजूंनी पाण्यात अडकलो. तवापासून पलीकडं जायचं तर चप्पू. थर्माकोलचे तुकडे पोत्यात कोंबायचे, दोरीनं आवळायचे, वर बसायचं अन् हातानं पाणी मारत जायचं. आष्टीचा बाजार चप्पूवर, दवाखाना चप्पूवर, नवरीची वरात बी चप्पूवर. रस्ता द्या, रस्ता द्या म्हणून आमच्या तोंडाला फेस आला, पण कोण ऐकतं?

अन् त्या पाण्यापायी मह्या कल्याणचं लगन आडलं व्हतं.

पोरगं तिशीला टेकलं. शिकेल हाय, म्हशी हायेत, सुपारीच्या खांडाचं बी व्यसन न्हाई. दिवाळीत टेंभुर्णीची भावना पाह्यली. तिला हा पसंत, याला ती पसंत, घरी आल्यापासून ह्यो एकटाच फोनकडं पाहून हसून राह्यला. मंग तिचा बाप अन् मामा आमचं घर पाह्यला आले. मामा संभाजीनगरात भाड्याची गाडी चालवतो. दोघं पलीकडच्या काठाला आले, चप्पू पाह्यला अन् तिथूनच माघारी फिरले. कल्याणच्या बापाला, म्हंजे आमच्या ह्यांना, फोन केला, "कचरूभाऊ, पोरगं सोन्यासारखं हाय, पण पोरीला रोज पाण्यावर सोडायची मही छाती न्हाई."

मला असा राग आला की बस. मंग रातभर इचार केला, मही लेक शालू तरी मी दिली असती का असल्या गावात? बिलकुल न्हाई दिली असती.

पुढं जे झालं ते प्रीतीमुळं झालं. प्रीती आमच्या सरपंचाची, तातेरावभाऊची लेक, जालन्याला शिकती. सुट्टीत आली अन् तिनं गावाचा व्हिडिओ टाकला. 'मराठवाड्यातलं कुणालाच ठाऊक नसलेलं बेट'. त्यात पाणी, बगळे, चप्पू अन् आमच्या मालकीची टेकडी. त्या टेकडीवर कुसळाशिवाय काही उगवत न्हाई, पण व्हिडिओत अशी देखणी दिसली की मला वाटलं ही कुणाची हाय? आमचीच व्हती.

आठवड्यात संभाजीनगरहून एका कंपनीचा फोन आला. फिरायला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधायच्या हायेत, टेकडी इकत घ्यायची हाय, रविवारी पाह्यला येतो. मी तर नाचायचीच राह्यले. टेकडी गेली की आष्टीत घर, आष्टीत घर झालं की भावना. मह्या डोस्क्यात सनई वाजून राह्यली व्हती.

प्रीतीनं फोन करून बजावलं, "काकू, गावात काही बदलू नका. जसं हाय तसंच राहू द्या."

ऐका आता. साहेब लोक दारात येणार अन् आम्ही जसं हाय तसं ठेवायचं? नाक कापून घ्यायचं का? मी तातेरावभाऊच्या लिंबाखाली सगळ्यांसमोर सांगितलं, "बूट घालून येणारी माणसं चप्पूवर बसवता व्हय? एक साहेब पाण्यात पडला की गेली मही सून. खालच्या अंगाला धार अरुंद हाय, आता कमरेएवढंच पाणी हाय. जुन्या योजनेचे सिमेटचे नळे काठाला पडून हायेत. ते टाका खाली, वर मुरूम टाका. गाडी बराबर दारात आली पायजे."

तातेरावभाऊ म्हनले, "उषाबाई, डोस्कं हाय तुमचं. आपल्याला आजवर काहून सुचलं न्हाई?"

काहून म्हंजे, आजवर सरकारची वाट पाहून राह्यलो व्हतो ना. पण पाहुणे येणार म्हनल्यावर गाव ऐकतंय व्हय! आष्टीहून जेसीबी कमरेएवढ्या पाण्यातून गुरगुरत आलं. दोन ट्रॅक्टर लागले. जिथं ट्रॅक्टर पुरेना तिथं बायांनी घमेली उचलली. भाऊची बायको कौसल्याबाई भाकरी अन् ठेचा घेऊन धारेवरच येऊन बसली. मुरूम कुठला? आमच्याच टेकडीचा, ती सगळ्यात जवळ. शनिवारी दिवस मावळायला कल्याणनं मोटरसायकल पहिल्यांदा पाण्यावरून घरी आणली अन् आमच्या म्हाताऱ्या सासूबाईनं चाकाला कुंकू लावलं. मला रडू आलं. आनंदाचंच.

पाणी आल्यापासून आमच्यात एक रीत पडली हाय. पाहुणा पाण्यातून येतो, पाय चिखलानं भरतात, म्हणून घरच्या बाईनं तांब्या घेऊन आपल्या काठाला उभं राह्यचं अन् पाय धुवूनच त्याला गावात घ्यायचं. मी नवी साडी नेसून, तांब्या घेऊन पहाटेपासून उभी. पांढरी गाडी आली, माह्या अंगावर फुफाटा उडवून थेट पुढं गेली. मी तांब्या घेऊन मागं पळाले.

गाडी दारात थांबली. एक साहेब, एक मॅडम उतरल्या. डायवर गाडीतच बसला. साहेबानं इकडंतिकडं पाह्यलं.

"बेट अजून किती लांब आहे?"

"साहेब, बेटावरच उभे हायेत तुम्ही," आमचे हे म्हनले.

"मग आम्ही गाडीतून कसे आलो?"

"रस्ता केला ना. तुमच्यासाठीच केला," मी म्हनलं. मही छाती फुगून आली व्हती.

मॅडमनं फोनवर तो व्हिडिओ काढला. "आणि ही टेकडी?"

"तीच की," हे मोठ्या खुशीत म्हनले. "तिच्यावरूनच तर आलात तुम्ही."

मॅडमला हसू आलं, मंग तिनं ते आवरलं. दोघं चालत जाऊन टेकडी पाहून आले. समोरचं अर्धं अंग खरवडलेलं, लाल, जसा फोडलेला लाडू. साहेब चांगला माणूस व्हता, चहा पिला, म्हनला, "काकू, तुम्ही खूप कष्ट घेतले. पण लोकांना होडीतून यायला आवडतं. रस्ता असलेली गावं सगळीकडेच आहेत."

गाडी आली तशी गेली.

आता मला सांगा, ज्या चप्पूला आम्ही जल्मभर शिव्या घातल्या, त्याच्यावर बसायला शहरातले लोक हौसेनं येणार व्हते, हे आम्हाला कसं कळावं? प्रीतीवर राग आला, साहेबावर आला, सगळ्यात जास्त माह्यावर आला. हे म्हनले, "गेली तुही सून." मी तांब्या भिंतीला फेकून मारला. कल्याणनं तो उचलला, पोचा पाह्यला अन् तो जागेवर ठेवून म्हशी सोडायला गेला. ते मला लई लागलं.

दिवे लागणीला कल्याणचा फोन वाजला. त्यानं ऐकलं अन् फोन माह्या हातात दिला.

"मी भावनाचा मामा," पलीकडून आवाज आला. "सकाळी साहेबांची गाडी घेऊन मीच आल्तो. तुम्ही चहात व्हता, तवा मी रस्त्यावर जाऊन नळे बी पाह्यले. येत्या रविवारी दाजीला घेऊन येतो."

मी तांब्याचा पोचा वरवंट्यानं ठोकून काढला.

रविवारी तीच पांढरी गाडी आली, पण पलीकडच्या काठाला थांबली. भावनाचा बाप खाली उतरला. मामाला म्हनला, "तू गाडी ने पुढं. मी पायी येतो." आला सावकाश. मधोमध थांबला, टाच आपटून पाह्यली, दोन्ही अंगाचं पाणी पाह्यलं.

"पाऊसकाळात टिकंल का हे?" त्यानं सामोरं गेलेल्या तातेरावभाऊला इचारलं.

"न्हाई टिकलं तर परत टाकू," भाऊ म्हनले. "टेकडी अजून बरीच हाय."

तो हसला. मी ह्या काठाला तांब्या घेऊन वाकले व्हते. त्यानं चपला काढल्या, पाय पुढं केला, मंग स्वतःच खाली पाह्यलं.

"पाय तर कोरडेच हायेत, इहीनबाई," तो म्हनला.

इहीनबाई म्हनला. ताई न्हाई, वैनी न्हाई, इहीनबाई. मला पुढं काही दिसंना, पाणी त्याच्या पायावर कमी अन् माह्या साडीवरच जास्त सांडलं.

"राहू द्या," तो म्हनला. "भावना आली की तिचे धुवा."