पापड खाणारा उंदीर

आमच्या जोह्यात, पेणजवळच्या या मूर्तिकारांच्या गावात, कोणी कोणाचं काय उचललं यावर फारशी भांडणं होत नाहीत. झालीच तर साच्यावरून होतात. ह्याने त्याच्या मूर्तीवरून साचा काढला, कान तेवढे बदलले, त्याने गावभर बोंब मारली, आणि संकष्टीला दोघे एकाच देवळात शेजारी शेजारी उभे. मी कमळाकरच्या कारखान्यात डोळे आखते. माती त्याची, साचा त्याचा, रंग त्याचा, डोळे माझे. गणपती ट्रकात बसून मुंबईला जातात आणि तिकडे कुणाच्या तरी घरात माझ्या डोळ्यांनी बघतात. डोळ्याखाली माझं नाव कोणी घालत नाही, आणि घालूही नये, वाईट दिसेल.

माझं स्वतःचं म्हणावं असं एकच काम आहे, अंतरपाट. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात तो पडदा. त्यावर मी गणपती काढते, पेन्सिल न लावता, सरळ कुंचल्याने. शिकवलं कोणी नाही. लग्न होऊन आले तेव्हा पिठाच्या परातीत बोट फिरवून फिरवून सोंड जमवली, आणि सासूबाईंनी त्या सोंडेसकट पीठ मळून भाकऱ्या थापल्या. म्हणायच्या, "सरू, आज कोणता देव खायला घालतेस?"

माझ्या गणपतीचा उंदीर मोदक खात नाही. पेणकडचा उंदीर आहे, तो पोह्याचा पापड खातो. पहिला अंतरपाट काढत होते त्या दिवसांत माळ्यावरच्या डब्यात शिरून उंदरांनी पापडांची चळत कुरतडली होती. त्याचा राग चित्रात निघाला. दोन्ही पायांत धरलेला गोल पापड आणि त्याचा एक घास तोडलेला. लोकांना हसू आलं, म्हणून तो राहिला. आता पापड दिसला की लोक म्हणतात, हा सरूचा. कारखान्यातल्या डोळ्यांना असं कोणी म्हणत नाही.

गेल्या वैशाखात नणंदेच्या धाकटीचं लग्न होतं, रोह्याजवळ. नणंद म्हणजे गिरजाबाई. मी नवरीची मामी. थोरलीच्या लग्नात अंतरपाट माझा होता, तर या खेपेला कोणी विचारलंच नाही. मी फोन केला तर गिरजाबाई म्हणाली, "तुला कारखान्याचं काम, कशाला गो त्रास? शेजारची हौसा काढते हल्ली. चांगले काढते. तू नुसती नटून ये." मी नटून गेले. नागोठण्यापर्यंत एस.टी.त उभी होते आणि तोंड पापडासारखंच झालं होतं, थोडं भाजलेलं.

मांडव भरला. आमच्या ह्यांनी, म्हणजे मामाने, नवरीला हाताला धरून आणलं. भटजींनी अंतरपाट उलगडला आणि त्याचं तोंड आमच्याकडे, नवरीकडच्यांकडे आलं. मला पहिल्यांदा काही कळेना. फोटोत आपला भांग दुसऱ्या बाजूला दिसतो तसं वाटलं. ओळखीचं आहे, पण कुठेतरी चुकतंय. मग खाली नजर गेली. उंदीर. त्याच्या पायात पापड. पापडाचा घास तोडलेला, तोही माझ्याच दाताने तोडल्यासारखा. फक्त सगळं उलट्या बाजूला.

ते मला कळलं तेवढ्यात गिरजाबाईच्या थोरल्या दिरालाही काहीतरी कळलं. त्यांना सगळे दाजी म्हणतात. ते पुढे झाले, कापडाजवळ नाक नेलं आणि मागे झाले.

"भटजी, थांबा. ह्यो उजव्या सोंडेचा हाय."

मांडवात कुजबुज झाली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळंओवळं नीट पाळावं लागतं, म्हणून आमच्या कारखान्यातही तो सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

"ह्याचं कोण पाळणार?" दाजी म्हणाले. "उद्या हळद उतरली की मागच्या दारी मटण शिजणार, आणि आज ह्याला साक्ष ठेवायचा? पोरीला संसारात काय कमीजास्त झालं तर?"

"दाजी, मुहूर्त जातोय," भटजी म्हणाले.

"मुहूर्त जाऊ दे, सोंड जात नाय."

गिरजाबाईने मान वळवून बायकांमध्ये पाहिलं. तिच्या नजरेच्या टोकाला एक काळीसावळी, नाकात चमकी घातलेली तरुण बाई उभी होती, हातातल्या अक्षता मुठीत दाबून त्यांचं पीठ करत होती. ही हौसा, हे मला सांगावं लागलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली. म्हणजे मी कोण हे तिलाही सांगावं लागलं नव्हतं.

त्या वेळी मी एवढंच म्हणाले असते की चित्र माझं आहे, हिने छापून घेतलं आणि छापतानाही चुकली, तर पुढचं सगळं गिरजाबाईने केलं असतं. त्या आळीत हौसाला पुन्हा कोणी अंतरपाट सांगितला नसता. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण नवरी पाटावर उभी होती, मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, हौसाला बोलायचंच तर ते मी बोलेन. दाजींनी का बोलावं? त्यांनी काय काढलंय?

मी म्हणाले, "भटजी, अंतरपाट उलटा धरा."

कापड मलमलीचं, पातळ. रंग आरपार उतरला होता. उलटा धरला आणि आमच्या बाजूने सोंड डावी झाली. खाली 'शुभ मंगल सावधान' लिहिलं होतं, ते हौसाने आपल्या हाताने लिहिलेलं, त्यामुळे ते आता आमच्याकडून उलटं दिसायला लागलं. दाजींचा चष्मा घरी होता. त्यांनी सोंड तेवढी तपासली आणि म्हणाले, "हां. आता कसा."

"आणि तिकडून?" कोणीतरी विचारलंच.

तिकडे नवरदेव होता. त्याला मुंडावळ्यांतून आणि घामातून काही दिसत नव्हतं. नवऱ्याकडची मंडळी नागोठण्याची, मांडवाच्या गलक्यात दाजींचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांना वाटलं, चित्राचं तोंड आपल्याकडे फिरवलं ते मानाने. ती खूश झाली. मंगलाष्टकं सुरू झाली.

जेवणं झाल्यावर मी मागच्या अंगणात चिंचेखाली बसले होते. हौसा ताटलीत जिलब्या घेऊन आली.

"मामी, जिलबी."

"ठेव. बस."

ती बसली, पण अर्धीच, उठायची तयारी ठेवून.

"कागद कुठल्या बाजूने ठेवलास?" मी विचारलं.

तिला दुसराच प्रश्न येईल असं वाटत होतं. ती म्हणाली, "बटरपेपर ठेवून पेन्सिलीनं काढून घेतला. मग रेघेवर सुईनं भोकं पाडली. नीळ नि रॉकेलचा बोळा फिरवला की कापडावर ठिपके उठतात, त्यावरनं रंगवायचं. भोकाची खरबरीत बाजू खाली ठेवायची असते. पण ह्यांची सेकंड शिफ्ट होती, मी मधीच डबा भरायला उठले. परत आले तवा बाजू इसरले."

"आणि खाली कापड कोणतं होतं? ज्यावरनं काढून घेतलंस ते?"

"थोरलीच्या लग्नातला. गिरजाबाईंनी सगळ्या आळीला दिला होता वापरायला. माझ्याकडं धुवायला आला होता."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाय म्हणला असतात."

"म्हणाले असते."

"म्हणून नाय विचारलं."

मी एक जिलबी घेतली. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावणं अवघड जातं, त्यात जिलबी बरी झाली होती.

"तुमच्याकडं पण साच्यातनंच काढतात ना गणपती?" तिने हळूच विचारलं. "एकाचे शंभर."

मी दुसरी जिलबी उचलली. "ते कमळाकरला विचार," मी म्हणाले. "ही सोंड साच्यातली नाही. हिच्या पायी माझ्या सासूने किती भाकऱ्या वाकड्या खाल्ल्यात तुला माहीत नाही. तू ती एका दुपारी भोकं पाडून नेलीस."

हौसाने ताटलीच्या काठावरचा पाक बोटाने पुसला. मग म्हणाली, "कोऱ्या कापडावर हात उठत नाय माझा. भ्या वाटतं. रेघ असली की मग रंग बरा भरते."

रंग खरंच बरा भरला होता. माझ्याहून बरा. शेल्याच्या काठाला तिने गुलाबीतून केशरी अशी छटा उतरवली होती, ती मी मघाच पाहून ठेवली होती आणि मला थोडी टोचलीही होती.

"माझाही उठत नाही," मी म्हणाले. "म्हणून मी आधी उंदीर काढते. उंदीर बिघडला तर कोणी रागवत नाही. तोवर हात मोकळा होतो."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मामी, त्याच्या हातात काय हाय? मला चंद्र वाटला. ग्रहणातला."

"पापड आहे, गो."

"मग घास?"

"त्यानेच खाल्लाय. काय ग्रहणाने खाल्लाय?"

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की आत भांडी घासणाऱ्या बायकांनी डोकं बाहेर काढून बघितलं. मीही हसले. मग मी तिला माझं म्हणणं सांगितलं. गणपती तुला द्यायचा की नाही ते मी घरी जाऊन ठरवणार नाही, आत्ताच ठरवते. घे. पण कुठून घेतलास ते कापडावर लिहायचं. आणि उंदीर नाही मिळणार. उंदीर तुझा तू काढ, कागद न ठेवता.

"बिघडला तर?"

"बिघडू दे. माझ्यासारखा झाला तर मात्र रोह्याला येऊन भांडेन."

घरी येताना ह्यांनी विचारलं, इतकं काय बोलत होतात दोघी. मी म्हटलं, उंदरांवर. ते म्हणाले, औषध टाक.

दिवाळीनंतर गिरजाबाई कारखान्यावर आली ती पिशवीतून कापड घेऊन. "हौसानं दिलाय. तुला आधी दाखवायचा, मगच लग्नघरी द्यायचा, म्हणते. हे काय नवीन काढलंत दोघींनी?"

मी तो कारखान्यातच उलगडला, डोळे आखायच्या पाटावर. गणपती माझा, डाव्या सोंडेचा, आणि रंग तिचे. खाली उंदीर. उंदीर कसला, मुंगूस म्हणावा असा लांबट, एक मिशी वर एक खाली. पण त्याच्या पायात वालाची शेंग होती, सोललेली, आणि तिच्यातला एक दाणा निसटून खाली पडत होता, आणि उंदराची नजर त्या पडणाऱ्या दाण्यावर. मी बराच वेळ त्या दाण्याकडे बघत राहिले. माझ्या उंदराने आजवर काही सांडलं नव्हतं. काठाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'गणपती जोह्याचा, उंदीर रोह्याचा.'

कमळाकर मागून येऊन उभा राहिला. त्याला कुठलीही नवी गोष्ट दिसली की बोटं शिवशिवतात.

"वहिनी, हा उंदीर झकास हाय. हंगामाला आपल्या मूर्तीच्या बैठकीपुढं बसवू. आजच मातीत उठवतो, उद्या साचा काढतो."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"रोह्याला विचारावं लागेल."

"उंदरासाठी?"

"व्हय, उंदरासाठी." मी कापडाची घडी घातली आणि गिरजाबाईला म्हटलं, "हौसाचा नंबर सांग."