पाण्याने फिरलेली मोटर

संहिताच्या बिल्डिंगमधली पाण्याची जुनी मोटर कायमची बंद पडली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा संहिताकडेच वळल्या. तसं होणारच होतं. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात ती मोटरींच्या तपासणीचं काम करायची. सोसायटीचे अध्यक्ष दिनानाथकाका म्हणाले, "घरात वैद्य असताना बाहेर कशाला हिंडायचं? तूच सांग बेटा, कोणती घ्यायची ते."

संहिताने मन लावून तीन मोटरींची तुलना केली. पहिली नेहमीची इंडक्शन मोटर, जुनीचीच सुधारलेली बहीण. दुसरी रिलक्टन्स मोटर. तिच्या फिरत्या भागात नुसतं खाचा पाडलेलं लोखंड असतं, चुंबक नसतो. तिसरीच्या पोटात कायमचे चुंबक बसवलेले. ही तिसरी सगळ्यांत लहान, आवाज जवळजवळ नाहीच, आणि वीज सगळ्यांत कमी खाणारी. दुसरी तिच्या मागे होती, पण अगदी थोडीशी.

मीटिंगमध्ये सुरुवातीला कुणी ऐकूनच घेईना. "मोटर म्हणजे मोटर, त्यात काय सिलेक्शन करायचं यार," असा सूर होता. संहिता समजावत राहिली आणि हळूहळू माणसं तिच्या बाजूला झुकली. तेवढ्यात दिनानाथकाकांनी विचारलं, "तिसरीचा तोटा काय? साफ साफ सांग."

तोटा तिला ठाऊक होता. चुंबकाची मोटर बाहेरून कशानेही फिरली, तर ती स्वतःच वीज तयार करते. मेन स्विच बंद असला तरी तिच्या तारांना शॉक असतो. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण शॉकचं नाव काढलं की ही मंडळी पुन्हा बिथरणार, हेही तिला दिसत होतं. ती म्हणाली, "तोटा काही नाही काका. किंमत जरा जास्त, बस." ज्याला सांगायला हवं त्या पंप दुरुस्त करणाऱ्या गजाननकाकांना मोटर बसवायच्या दिवशी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

गजानन छत्रीबागेत राहायचे. वडील मिलमध्ये होते. गजाननांनी पोलोग्राउंडच्या वर्कशॉपांत हात बसवला आणि मग या भागातल्या कितीतरी बिल्डिंगांचे पंप त्यांच्याकडे आले. नवी मोटर बसली त्या दिवशी संहिताला कारखान्यातून निघता आलं नाही. नंतर एकदा ते जिन्यात भेटले. "मस्त मशीन आणलीस बेटा, मांजरीसारखी चालते," म्हणाले. ती हसली आणि घाईत पुढे गेली. मग ते राहूनच गेलं.

पावसाळा सरता सरता एके सकाळी गच्चीवरची टाकी भरेनाशी झाली. गजानन आले. त्यांनी मेन बंद केला, पाइपावरचा वॉल्व्ह बंद केला, मोटरीचं झाकण उघडून तारा सोडवल्या. मोटरीत दोष सापडेना. भरलेलं पाणी उलटं खाली येतंय की काय, अशी शंका आली म्हणून त्यांनी वॉल्व्ह उघडून पाहिला. जुन्या, बिनचुंबकाच्या मोटरीवर असं त्यांनी कितीदा तरी केलं होतं. वरच्या टाकीतलं पाणी धाडकन खाली आलं, पंप उलटा फिरला, त्याच्यासोबत मोटरही फिरली, आणि मोकळ्या तारा गजाननांच्या उजव्या हातात होत्या.

जीव वाचला. बोटं भाजली आणि पडताना खांदा मोडला.

"मेन बंद करायला विसरले बिचारे," दिनानाथकाका सगळ्यांना सांगत होते. "उमर झाली आता." चौकीदार म्हणत होता की त्याने पाहिलं तेव्हा मेन बंदच होता, पण त्याचं कोण ऐकतो? संहिता पंपाच्या खोलीत गेली. उघडा वॉल्व्ह आणि सुटलेल्या तारा पाहिल्या. काय घडलं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला, पुष्करला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम थोडंच केलंस? आणि आता सांगून त्यांचा खांदा जुळणार आहे का?"

ती ताट घेऊन उठली.

ती छत्रीबागेत गेली ती फळं घेऊन, निव्वळ भेटायला. गजानन खाटेवर बसले होते. "मेन तर मी बंद केला होता," ते म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे, आता पक्कं नाही सांगता येत. सगळे म्हणतात तर विसरलो असेन." त्यांची बायको बेबीकाकू तिला दारापर्यंत सोडायला आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "रात्रीचे उठून घरातली बटणं तपासत बसतात गं. बंद केलेलं पुन्हा बंद करतात. म्हणतात, माझ्या डोक्यावर माझाच भरोसा नाही उरला, आता हे काम सोडतो."

संहिता घरी आली ती जणू चोरी करून आल्यासारखी. हात भाजला तो भाजलाच, पण त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वासही आपण नेला, आणि एवढं ऐकूनही तोंड मिटून परत आलो.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातली चुंबकाची एक छोटी मोटर साहेबांना विचारून घेतली, तारांना एक बारका दिवा जोडला, आणि पुन्हा छत्रीबाग गाठली.

"काका, डाव्या हाताने हा दांडा फिरवा."

गजाननांनी फिरवला. दिवा लागला. त्यांनी तारा मागून पुढून पाहिल्या. "कनेक्शन कुठंय?"

"कुठेच नाही. आपली नवी मोटर अशीच आहे. पाणी उलटं आलं, तिला फिरवलं, आणि तिनेच वीज केली. तुम्ही मेन बंद केला होता काका. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

गजाननांनी पुन्हा फिरवला. पुन्हा दिवा लागला. "बेबी!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये, बघ! मी बंद केला होता! सही में बंद केला होता!" बेबीकाकू पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. गजानन लहान मुलासारखे दांडा फिरवत होते. मग त्यांचा हात थांबला.

"हे तुला केव्हा कळलं?"

'अपघातानंतर' एवढाच एक शब्द पुरला असता. दोघंही तिला आशीर्वाद देऊन मोकळे झाले असते.

"आधीपासून माहीत होतं," संहिता म्हणाली. "मीटिंगमध्ये लोक घाबरतील म्हणून बोलले नाही. तुम्हाला सांगायचं होतं. नाही सांगितलं."

गजाननांनी मोटर बाजूला सारली. म्हणाले, "एका वाक्याचं तर काम होतं." आवाज चढलेला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. बेबीकाकूने मोटर आणि दिवा उचलून तिच्या हातात दिला. चहाचं आधण गॅसवर चढलेलं होतं. तो गॅस तिने बंद केला.

पुढच्या मीटिंगमध्ये संहिता उभी राहिली. दिनानाथकाकांनी आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, "बात वाढवू नकोस, सोसायटीचं नाव येईल." तरीही तिने सगळं सांगितलं: दुसरी मोटर घेतली असती तर बिलात फारसा फरक पडला नसता आणि हे घडलंच नसतं, हेही. कुणी तिला बोल लावले, कुणी खाली मान घातली. मोटर बदलायला कुणी तयार झालं नाही. पाण्याला उलटं येऊ न देणारी झडप कचरा अडकून उघडीच राहिली होती. ती नवी बसवली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली: वॉल्व्ह बंद केल्याशिवाय मोटर उघडू नये, मोटर उघडी असताना वॉल्व्ह उघडू नये. गजाननांच्या हाताचा आणि खांद्याचा इलाज सोसायटीने करवला.

गजानन त्या बिल्डिंगमध्ये पुन्हा आले नाहीत. त्यांची दोन बोटं वळेनात, तरी काम मात्र त्यांनी सोडलं नाही, असं तिला चौकीदाराकडून कळलं.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"पोलोग्राउंडला एका बिल्डिंगमध्ये आहे. मोटर नवी आहे. हिच्यात चुंबक आहे की नाही, कसं ओळखायचं?"

संहिता हातातलं काम टाकून कारखान्याच्या अंगणात आली. मोटरीवरच्या माहितीच्या पट्टीवर काय पाहायचं, पट्टी पुसलेली असेल तर काय करायचं, आधी कोणता वॉल्व्ह बंद करायचा, तारांना हात लावण्याआधी काय तपासायचं, ती सांगत गेली. काही राहिलं तर नाही ना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"ठीक आहे," गजानन म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यांनी आपल्यालाच विचारलं, म्हणून संहिताला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. ती तशीच उन्हात उभी राहिली. काही वेळाने तिनेच फोन लावला.

"काका, झालं का नीट?"

"झालं," ते म्हणाले. "चुंबकाचीच होती."