बोर्डामागची तार

दार : उघडं

जळगावच्या एमआयडीसीत, कामिनीच्या शेडमधलं लेझर मशीन पोळ्यापासून मुकं होतं. ज्या बोर्डाच्या हुकमावर पत्रा कापणारा किरण सुटतो, तो बोर्ड जळाला होता. पुण्याचा एजंट म्हणाला, कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय, मशीनच नवं घ्या. दिल्लीहून कुरिअरनं आलेला बोर्ड लावल्याबरोबर धूर सोडून गेला. कपाशी वेचणीला आली होती. कापूस जिनिंगवाले आपल्या यंत्रांच्या भागांसाठी फोनवर फोन करत होते. नवरा गेल्यापासून घर या मशीनवरच चाललेलं: ती, सासू बेबाबाई, आणि मशीन चालवणारा दीर हिलाल.

मशीनच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक ओळ असते. मशीनचं दार उघडलं की ‘दार : उघडं’. लावलं की ‘दार : बंद’. उघड्या दारी किरण सुटत नाही.

दार मागच्या बाजूला, पडदा पुढे. हिलाल दाराकडे कधी बघत नसे. ओळ वाचायची, बटण दाबायचं.

ती ओळ कधी खोटं बोलली नव्हती.

शटर : अर्धं

धुळ्यात चांदभाईच्या दुकानाचं शटर मध्येच अडकलेलं. कामिनीला वाकून आत जावं लागलं. भंगारात निघालेल्या मशीनची आतडी भिंतीभर टांगलेली.

“बसा ताई.”

बोलत होता तिच्याशी, बघत होता तिच्या कानापलीकडे. कामिनीनं मागे वळून पाहिलं.

“मागे कोणी नाही,” चांदभाई म्हणाला. “सरळ बघितलं की मधोमध काळा डाग येतो, माणूस गायब. म्हणून जरा बाजूला बघतो. बायको खूश आहे. म्हणते, परक्या बाईकडे बघायची सोयच राहिली नाही.”

“काय झालं होतं?”

“मी पण लेझरच चालवायचो. एकदा मशीनच्या दारात वाकलो. किरण काही दिसत नाही ना. दुखलंसुद्धा नाही.” तो उठला आणि बोटांनी चाचपत एक हिरवा बोर्ड काढला. “हा घ्या. माझ्याच मशीनवरचा. चालू आहे.”

कामिनीनं बोर्ड उलटा केला. पाठीवर दोन ठिपक्यांमध्ये एक आखूड लाल तार डागलेली होती.

“ही कशाला?”

“शेठनं लावलेली. काढू नका. तारेशिवाय आता हा उठत नाही.”

“पण लावली कशासाठी?”

“काम भरभर व्हायचं,” चांदभाई तिच्या कानापलीकडच्या भिंतीला म्हणाला.

पुढचा प्रश्न तिच्या ओठापर्यंत आला होता. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. जिनिंगवालाच.

“नाही जमला तर परत आणा,” बोर्ड कागदात गुंडाळत चांदभाई म्हणाला. “शिरपूरचे लोक थांबलेत याच्यासाठी. आपल्याकडे काही वाया जात नाही.”

बसमध्ये पारोळ्यापर्यंत तो प्रश्न बोर्डासोबत तिच्या मांडीवर होता. एरंडोलला बस थांबली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

दार : बंद

“मागची तार काढू नकोस,” तिनं हिलालला एवढंच सांगितलं.

त्यानं बोर्ड बसवला. पडदा उजळला. कॉम्प्रेसर घरघरू लागला. किती दिवसांनी शेडमध्ये आवाज झाला.

बेबाबाई ताट घेऊन तयारच होती. दुरुस्त झालेलं मशीन तिनं ओवाळल्याशिवाय या शेडमध्ये कामाला लागत नसे, आणि ओवाळायचं तेही ते जागं असताना.

“झोपेल मशीनले काय ओवाळानं?” ती म्हणायची.

आजवर त्यात धोका नव्हता. दार उघडं, तर किरण बंद.

म्हातारी मागच्या बाजूला गेली. पुढे हिलालनं चाचणीचा पत्रा कापायची तयारी केली.

“आई, आटोपलं का?”

कॉम्प्रेसरच्या आवाजात उत्तर आलं नाही. त्यानं सवयीनं कोपऱ्यातली ओळ वाचली.

दार : बंद

“झालं तिचं,” तो म्हणाला.

कामिनी मशीनच्या कोपऱ्यावर उभी होती. तिथून दोन्ही बाजू दिसत. इकडे पडदा, बटणाकडे निघालेलं हिलालचं बोट. तिकडे दार सताड उघडं, सासू कमरेपर्यंत आत वाकलेली. किरण कुठे पडणार ते दाखवणारा लाल ठिपका तिच्या कुंकवाच्या अंगठ्यावर होता. कुंकवात तो चटकन वेगळा ओळखूही येत नव्हता.

कामिनी झेपावली. तिनं भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

अंधार. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला.

“लाइट गयी का?” आतून बेबाबाईचा आवाज आला.

“वहिनी, काय केलंत?”

तिनं हिलालचा दंड धरला आणि त्याला मागे नेलं. त्यानं उघडं दार पाहिलं. मग मान वळवून काळा पडदा पाहिला. पुन्हा दार. मग तो पत्र्यांच्या थप्पीवर बसला, आणि बराच वेळ त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“त्या तारेमुळे त्याला दार कायम बंदच वाटतं,” कामिनी म्हणाली. “धुळ्यात माझ्या मनात आलं होतं.”

 हिलाल म्हणाला, “आता कळलंय ना आपल्याला. दाराला कुलूप घालू. किल्ली तुमच्याकडे. सीझन तेवढा काढून घेऊ, वहिनी.”

त्याचा आवाज नेहमीसारखा होता. समजूतदार. तिला त्याचीच भीती वाटली. चांदभाईचा शेठही असाच बोलला असेल.

तिनं झाकण उघडून बोर्ड काढला.

“मग परत तरी करू,” हिलाल म्हणाला. “शिरपूरवाले घेतीलच.”

बेबाबाईनं ताट खाली ठेवलं. नारळ आणि दगड पुढे सरकवले. “नारळ फोडाना शे आजून.”

कामिनीनं नारळ बाजूला ठेवला. बोर्ड उंबऱ्यावर पालथा घातला, तार वर. दगड उचलला.

पहिल्या घावात बोर्ड तडकला. तार तशीच राहिली.

दुसरा घाव तिनं तारेवर घातला.