बारशाआधीचं नाव

फेब्रुवारीत संहिताला फायफर झाला. नावच काय ते भारदस्त. दुखणं म्हणजे घसा, ताप आणि मग महिनोन्महिने अंगात त्राण नसणं. हॉलंडमधल्या झूटरमेरचा त्यांचा हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, एरवी कुठल्याही आजारावर पॅरासिटामॉल आणि धीर यापलीकडे काही न देणारा माणूस. या वेळी मात्र त्यानं शाळा बंद करायला सांगितली. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत घरीच अभ्यास, रोज थोडं चालणं, दमली की बसवायचं. शाळेनं गणिताच्या आणि भाषेच्या वह्या पाठवल्या. इतिहासाचं काहीच पाठवलं नाही. वर्गाच्या बाई फोनवर म्हणाल्या, "तिला ज्यात गोडी वाटेल ते घ्या. ती पुढे जाईल, तुम्ही मागून जा."

मंजूषाला हे मागून जाणं काही पटलं नाही. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. आठ वर्षांच्या पोरीनं बोट दाखवायचं आणि आईनं तिकडे धावायचं, हा कसला अभ्यास? तिनं पुण्याहून आणवलेलं चौथीचं पुस्तक काढलं. तिसऱ्या पानावर संहिता झोपली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पानावर. आठवड्याभरात मंजूषानं हात टेकले.

पण मागून जायची तिला खरी भीती वाटत होती ती वेगळ्याच कारणानं. संहिताच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात आली, इस्पितळातल्या काचेच्या पेटीत राहिली आणि अकराव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी बारसं असतं. तिचं झालंच नाही. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नाव ठेवलं नव्हतं ना? मग धरायचं नाही. कुणापाशी बोलायचं नाही." मंजूषा तेव्हा तापानं फणफणलेली होती. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. ते तिचा नवरा आशुतोष आणि त्याच्या ऑफिसातला अजित करून आले. "सगळं नीट केलं," एवढंच आशुतोष बोलला. कुठे, हे तिनं विचारलं नाही. बायकांनी विचारायचं नसतं, असं ती मनाला सांगत राहिली. खरं तर ऐकायचा धीर नव्हता. संहिताला मात्र यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. आपण कुणाच्या तरी रिकाम्या जागी आलो, असं मानत पोरीनं वाढायचं? मुळीच नाही.

आणि पोरीनं बोट दाखवलं ते नेमकं कबरस्तानाकडे.

तसं घराजवळ सायकलींचा त्रास नसलेली, बाकं असलेली तेवढी एकच जागा होती. इथली कबरस्तानं बागांसारखी राखतात, लोक तिथे कुत्री घेऊन फिरायला जातात. तिसऱ्या की चौथ्या फेरीला संहिता एका दगडापाशी थांबली. दगडापुढे काडीला एक पिवळं कार्ड लावलेलं होतं. तिनं ते वाचलं. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तरं डचमध्येच यायची.

"यांच्या जागेच्या भाड्याची मुदत संपलीय," ती म्हणाली. "नातेवाइकांनी ऑफिसात भेटा, असं लिहिलंय. कुणी आलं नाही तर काढून टाकणार."

"कुणाला?"

"ह्यांना!" तिनं जमिनीकडे बोट केलं. "आई, मग यांचं कुणालाच कळणार नाही ना? मी लिहून ठेवू?"

तिथून सुरू झालं. पिवळं कार्ड लागलेल्या प्रत्येकाचं एक पान. नाव काय, कधीपासून कधीपर्यंत, कुणाचं माणूस, भेटायला कोण येतं. ऑफिसातले मेनेर, म्हणजे श्रीयुत, बाकर हे निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. पोरीचं कौतुक वाटून ते जुनी वही उघडून सांगायचे. एक म्हातारा झीलंडमधून आलेला निघाला, १९५३च्या पुरात घर वाहून गेलं म्हणून. झालं, मंजूषा वाचनालयातून पुराची पुस्तकं घेऊन आली, समुद्र अडवायचे बांध कसे फुटले ते दोघींनी कागदावर काढलं. एक बाई बटाव्हियात जन्मलेली. "म्हणजे कुठे?" तर इंडोनेशियात. "तिथे डच काय करत होते?" मंजूषानं सांगितलं. संहिता म्हणाली, "म्हणजे इंग्रजांसारखेच!" मंजूषाला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी आशुतोषला द हेगच्या ऑफिसात फोन करून हे सांगितलं.

"कबरस्तानात कशाला नेतेस तिला?" तो म्हणाला. "आजारी आहे ती. दुसरं काही नाही का? रोमन वगैरे?"

"तिला गोडी लागलीय."

"मोडायची मग." आणि त्यानं फोन ठेवला. मंजूषाला राग आला. घरी बसून शिकवावं लागतं कुणाला, आणि मतं कुणाची! ती जास्तच ईर्ष्येनं जाऊ लागली.

एकच पथ्य ती पाळत होती. उंच कुंपणामागे लहान मुलांची जागा होती, तिकडे वळायचं नाही. तिथे आपलं काही असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. नाव नसलेल्याची खूण कोण ठेवतं? पण छोट्या दगडांवर ठेवलेली खेळणी तिला बघवायची नाहीत. "तिकडे मोठ्यांचा इतिहास नाही," असं ती सांगायची. आता ज्या मुलीला तुम्ही प्रश्न विचारायला शिकवलंत, ती असल्या उत्तरावर किती दिवस थांबेल?

एप्रिलमधल्या एका सकाळी मंजूषा बाकर यांच्याशी बोलत उभी राहिली आणि मागे वळून बघते तर बाक रिकामं. संहिता कुंपणामागून येत होती. चेहरा पांढराफटक. मंजूषाला वाटलं, दमली. ती धावत गेली. पोरीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि एरवी कधी बोलायची नाही ते मराठी बोलली.

"आई, मी कधी मेली?"

मंजूषानं तिला बाकावर बसवलं. ती एकटीच कुंपणामागे गेली. शेवटच्या ओळीत, पिवळ्या कार्डामागे वीतभर पाटी होती. संहिता आठल्ये. ९-४-१९९६. १९-४-१९९६. गवत कापलेलं होतं, बाकी काही नव्हतं. तिनं ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. दहा वर्षं जिला नाव नव्हतं म्हणून तिनं हाक मारली नव्हती, मनातसुद्धा नाही, तिला नाव होतं. आणि ते तिनं दुसरीला दिलं होतं.

मागून बाकर संहिताला घेऊन आले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "ही सामायिक जागा आहे, बाईसाहेब. दहा वर्षांची. इथे मुदत वाढवून मिळत नाही. जूनमध्ये मोकळी करतात." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि टोपी काढली.

संहिताला तिनं घरी आणून निजवलं. "संध्याकाळी बाबा आले की सगळं सांगते," म्हणाली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आशुतोष सहाला आला. मंजूषानं त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावून घेतलं. तो बूट न काढताच खाली बसला.

"तीन दिवसांत जन्म नोंदवावा लागतो इथे," तो म्हणाला. "खमेंटेत, नगरपालिकेच्या खिडकीवर. नाव सांगितल्याशिवाय नोंदच होत नाही. आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात, असं म्हणालो मी. ती बाई म्हणाली, कायदा तीन दिवसांचा. तू तापात बडबडत होतीस. तुझ्या तोंडून एकच नाव ऐकलं होतं मी महिनोन्महिने. तेच सांगितलं."

"आणि हिच्या बारशाला? मी म्हणाले होते तुला, तेच ठेवू या, ते वापरलं गेलेलं नाही!"

"तू हसत होतीस, मंजू. दीड वर्षांनी पहिल्यांदा."

"म्हणून?"

"काय सांगू तुला? खिडकीवर तर हिच्या तिसऱ्याच दिवशी जावं लागलं. तू बाराव्या दिवसासाठी हेच धरून बसली होतीस, मग तेच लिहिलं. तीच बाई होती. तिनं मान वर करून विचारलं, पुन्हा तेच नाव? मी म्हणालो, आमच्यात असंच असतं."

मंजूषाला तो क्षणभर अनोळखी वाटला. तो लेकीला चिमणे म्हणायचा, छकुले म्हणायचा, आठ वर्षांत त्यानं तिला नावानं एकदाही हाक मारली नव्हती. याला तिनं लाड समजलं होतं. तिला त्याची कीवही आली आणि त्याच्या तोंडात मारावीशीही वाटली. यातलं तिनं काहीच केलं नाही.

"जायचास तू तिथे?"

"पहिली तीन वर्षं. मग नाही जमलं." तो रडू लागला.

मग दोघांनी वर जाऊन संहिताला सांगितलं. जमेल तसं, थांबत थांबत, आशुतोष मराठीत आणि मंजूषा मधूनच डचमध्ये, कारण काही गोष्टींना तिला मराठी शब्दच फुटेना. तुझी मोठी बहीण होती. अकरा दिवस होती. आमची चूक झाली, तुझी काहीच नाही. तुझं नाव तुझंच आहे. संहितानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त एकदा विचारलं, "तिला तिथून काढतील तेव्हा पाटीचं काय करतात?" ते दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी आशुतोष कामावर गेला नाही, ऑफिसात कळवायचंही त्याला सुचलं नाही. आठ वाजता पोरीचं दूध गरम झालं. मंजूषा रोजच्यासारखी जिन्याच्या खालच्या पायरीशी आली, कठड्यावर हात ठेवला, तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर ती वीतभर पाटी आली. हाक निघाली नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बाळा म्हणावं, तर तेही तिला चोरीचं वाटलं. शेवटी ती कप घेऊन, पाय न वाजवता, तो उभा जिना चढून वर गेली.

संहिता अंथरुणात उठून बसलेली होती, पांघरूण गुडघ्यांवर घट्ट ओढून. डोळ्यांखाली काळं आलं होतं. बराच वेळ जागी असावी.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "तू हाक मारलीस की ओ द्यायची की नाही, ते ठरवत होते."

मंजूषानं कप खाली ठेवला.

"पण तू हाकच मारली नाहीस," संहिता म्हणाली.