चौकात थांबलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे, पण बिनपायांचा. टॅक्सीच्या काचेला चिकटून बसायचं आणि 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' सांगायचं, एवढंच माझं काम. माझा जन्म कारखान्यातला. आवाज मात्र उसना. कुण्या बाईनं एका बंद खोलीत बसून ते शब्द उच्चारले होते. मी दाखवलेल्या रस्त्यांपैकी एकही तिनं कधी पाहिला नव्हता.

माझे मालक मोठे वल्ली. सारं शहर त्यांना तोंडपाठ. कोणत्या गल्लीत शिरलं की कुठे निघतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. सुरुवातीला ते माझ्याशी भांडायचे. मी 'उजवीकडे वळा' म्हटलं की खेकसायचे, "गप गं बाई! तिकडे गटाराचं खोदकाम चाललंय. तुला काय कळतंय?" आणि तिथे खरोखरच खोदकाम असायचं. मागची माणसं खो खो हसायची.

पुढे मी सुधारलो. खोदकाम, कोंडी, बंद पूल, सगळं मला आधीच कळू लागलं. माझं कौतुक होऊ लागलं आणि मालकांचं बोलणं आटत गेलं. मला वाटलं, त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

एका दुपारी गाडी त्यांच्याच दारात उभी होती. 'घर आलं' सांगायच्या आतच मी बिघडून गप्प झालो होतो. ते उतरेनात. हात चाकावर आणि नजर माझ्यावर. शेवटी त्यांच्या बायकोनं काचेवर टकटक केलं. "अहो, घर आलंय!" त्यांनी घराकडे पाहिलं ते परक्याच्या घराकडे पाहावं तसं. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

त्यांना एक लेक होती. सगळे तिला चिमी म्हणत. ती आत्याकडे राहायला गेली असताना एका सकाळी आत्याचा फोन आला. "दादा, चिमीला धाप लागलीय. तिचा दम्याचा पंप तुझ्याच गाडीत राहिलाय. धावत ये!"

बाहेर दाट धुकं होतं. आत्याचं घर म्हणजे मालकांचं लहानपणचं घर. त्या गल्ल्यांमध्ये ते गोट्या खेळले होते. आम्ही तिथल्या चौकात पोहोचलो आणि माझा पडदा पांढरा झाला. त्यांचा मोबाइलही मुका झाला. समोर पाच गल्ल्या, पाचही सारख्याच पांढऱ्या.

पंप मुठीत धरून ते खाली उतरले. तेव्हा मला दिसलं, चौकात आणखी माणसं उभी होती. पिशव्या घेतलेली, छत्र्या घेतलेली, कामाला निघालेली. सगळ्यांच्या माना खाली, हातात मोबाइल. कुणी हलत नव्हतं की बोलत नव्हतं.

मालकांनी एका बाईंना विचारलं, "पाण्याच्या टाकीची गल्ली कुठली हो?"

"मी तिथेच राहते," ती मान वर न करता म्हणाली. "थांबा जरा. नेट येऊ दे, मग सांगते."

मालकांच्या पाचावर धारण बसली. ते एका गल्लीत धावत गेले, परत आले. दुसरीत गेले, परत आले. "चिमे! ए चिमे!" त्यांची हाक धुक्यात विरून गेली.

मग खोकला ऐकू आला. धुक्यातून आत्या आली, अनवाणी, आणि तिच्या पाठुंगळी चिमी. मोबाइल अजून चिमीच्या हाती आलेला नव्हता. आत्याकडे येऊन-जाऊन सगळ्या गल्ल्या तिच्या पायांत मुरल्या होत्या. दोन धापांच्या मध्ये ती बोट दाखवत होती. "भिंत संपली... आता... डावीकडे, आत्या."

मालकांनी पंप तिच्या तोंडाला लावला. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. तेव्हा ती मघाची बाई पुढे झाली. "बाळा, मलाही घरी सोडतेस?" मग छत्रीवाले आजोबा आले, आणखी दोघं आले. चिमी बापाच्या कडेवर होती आणि तिच्या बोटामागे ती मोठी माणसं एका ओळीत, मुकाट, आपापली घरं शोधत धुक्यात शिरली. मी काचेवरून पाहत राहिलो.

एवढी अद्दल घडल्यावर माणूस शहाणा होईल, असं मला वाटलं होतं. मालकांनी मला काढलं आणि एकाच्या जागी दोन नवे वाटाडे बसवले. "पुन्हा असं व्हायला नको," म्हणाले, आणि चिमीच्या मनगटावरही रस्ता सांगणारं घड्याळ बांधलं.

आता मी खिडकीच्या फळीवर धूळ खात पडून असतो. इथून फाटक दिसतं. रोज सकाळी चिमी दप्तर घेऊन निघते. शाळेची वाट सरळ आहे, तिला ती केव्हाची येते. तरी हल्ली ती फाटकात थबकते आणि मनगटाकडे पाहत उभी राहते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं जात असाल तर तिच्याजवळ थांबा. तिला रस्ता सांगू नका. नुसतं विचारा, "कुठून जायचं गं, चिमे?" आणि ती मान वर करीपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, तिथून हलू नका.