दिगंबरची मागे राहिलेली सावली

नवऱ्याची सावली तेवढी घरी राहिली, यात सुलक्षणा भाटकरचा फायदाच होता. सावली घोरत नाही आणि आमटीला नावं ठेवत नाही. दिगंबर जहाजावर खानसामा. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि एकत्र राहणं भरलं होतं जेमतेम बारा महिने.

यंदा एप्रिलमध्ये त्याचं जहाज रत्नागिरीच्या बंदरातून सुटलं ते आपली सावली धक्क्यावर विसरूनच. धक्क्यावर उरलेल्या जहाजाच्या त्या थंडगार काळोखातून दिगंबरची सावली उठली, चालत घरी आली आणि ओटीवर आडवी झाली.

चौथ्या दिवशी फोन आला. बिनसावलीच्या जहाजाला कुठलंही बंदर आत घेईना. दिगंबरचं म्हणणं, त्याची सावली पार्सलने पाठवावी, म्हणजे जहाजाचीही पाठोपाठ येईल.

सुलक्षणाने मनात बेरीज केली. "पार्सलबिर्सल काही नाही. तुम्हीच या न्यायला."

इकडे जहाजाची सावली रोज एकेक घर गिळत गल्लीत सरकू लागली. भर मे महिन्यात लोकांनी गोधड्या काढल्या. दुपारी पत्त्यांचे डाव रंगले. कुरकुर काय ती अंगणात बोंबील वाळवणाऱ्या शेजारच्या काशीआत्याची.

"तुला तुझा घोव हवा, ठीक आहे. पण माझे बोंबील कुजतायत त्याचं काय?"

सुलक्षणाने तिला आठ दिवस कळ काढायला सांगितलं.

जहाज परतलं ते नेमकं सूर्य डोक्यावर येतो त्या दिवशी. साडेबाराला तिथे खांबालासुद्धा सावली उरत नाही. गल्लीतला काळोख आकसत धक्क्यापर्यंत गेला आणि जहाजाखाली गडप झाला. सुलक्षणासोबत आलेली दिगंबरची सावलीही घाईने जवळच्या पायांखाली शिरली. ते पाय सुलक्षणाचे होते.

दिगंबर उतरला. "कुठाय?"

"थांबा की. ऊन कललं की येईल."

ऊन कललं. जहाजाची सावली जहाजाला चिकटून बाहेर आली, तसा कप्तानाने भोंगा दिला. दिगंबरने एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. खाली कोरडं ऊन. सुलक्षणाच्या पायांतून मात्र दोन सावल्या निघाल्या, एक तिची, दुसरी ढेरपोटी.

यात आपला हात नाही, असं तिने शांतपणे सांगितलं आणि ती घराकडे वळली. सावल्या पुढे, ती मधे, आणि मागे जहाज सुटताना बघत उलट्या पावलांनी दिगंबर. एकूण खर्च: काशीआत्याचे तीन टोपल्या बोंबील, कप्तानाची एक उलटी फेरी आणि एक खानसामा.